एचओ लेआउटची वायरिंग: पंचगंगेचा पूल ओलांडताच इंजिनाचा वेग का पडतो?

माडीवरची_गाडी (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या घराच्या माडीवरच्या खोलीत गेल्या दिवाळीपासून एचओ मापाचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा आणि १६.५ मिलिमीटर गेजचा मॉडेल रेल्वेचा लेआउट आकार घेत आहे. विषय अर्थातच घरचा निवडला आहे. एका टोकाला आपले श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, पुढे गूळ मार्केट, वळिवडे, पंचगंगेचा पूल आणि रुकडी, आणि दुसऱ्या टोकाला डोंगराच्या पोटात लपवलेला एक वळसा, ज्याला घरात सगळे ‘मिरज’ म्हणतात. मिरजेला रेल्वेच्या अंगावर असा डोंगर नाही हे मला ठाऊक आहे. पण वळसा झाकायला काहीतरी हवेच होते. टर्मिनसहून निघालेली गाडी या वळशातून फिरून, तोंड कोल्हापूरकडे करून, आल्या मार्गाने परत यावी अशी योजना आहे. फळी एल आकाराची असून लांब बाजू चौदा फूट आणि आखूड बाजू आठ फूट आहे. वळशाची त्रिज्या ५६ सेंटीमीटर ठेवली आहे.

सध्या साधा डीसी कंट्रोलर वापरतो, ज्यावर कमाल १२ व्होल्ट आणि १ अँपिअर असे लिहिलेले आहे. त्यापासून टेलिफोनच्या बारीक वायरची एक जोडी टर्मिनसच्या फलाटाजवळ रुळांना जोडली आहे आणि तिथून पुढचा सगळा वीजप्रवाह रुळांतून आणि रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटमधून जातो. वळिवड्यापर्यंत गाडी झोकात धावते, पुलावर चढताच तिचा दम कमी होतो आणि रुकडीच्या पुढे तर ती चालत्या माणसाच्या गतीने सरकते. एका परिचितांनी कंट्रोलरच कमजोर आहे, ३ अँपिअरचा घ्या, असा सल्ला दिला आहे. तो खर्च करण्याआधी इथल्या जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

दुसरी अडचण वळशाची आहे. वळशाचा शेवटचा रूळ सांध्याला, म्हणजे मार्ग जिथे दुभागतो तिथे, जोडला की कंट्रोलरचा लाल दिवा लागतो आणि सगळे बंद पडते. तो रूळ काढला की पुन्हा सुरळीत होते.

तिसरे म्हणजे, भाच्याने अमेरिकेहून एक स्टार्टर संच पाठवला आहे. त्याच्या अडॅप्टरवर इनपुट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे छापलेले आहे. तो इथल्या सॉकेटमध्ये लावता येईल का? माडीवर ६ अँपिअरचा एकच सॉकेट आहे. आणि शेवटी, हे सगळे करतानाच थेट डीसीसीकडे, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळांतून वेगळा डिजिटल आदेश देणाऱ्या पद्धतीकडे, वळावे की आधी डीसीवरच घडी बसवावी?

थ्री_फेज_काका

बाकीच्या प्रश्नांवर मंडळी लिहितीलच, पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थांबू शकत नाही म्हणून आधी तेवढेच लिहितो. तो अडॅप्टर इथल्या सॉकेटमध्ये लावू नका. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. फक्त १२० व्होल्टसाठी बनवलेल्या अडॅप्टरला जवळजवळ दुप्पट दाब मिळाला की त्यातला ट्रान्सफॉर्मर काही क्षणांत तापून जळतो, आणि इन्सुलेशन वितळले तर २३० व्होल्ट थेट रुळांवर येण्याचा धोका असतो. लहान मुले रुळांना हात लावणारच, हे धरून चालावे. अडॅप्टरवर इनपुट १००–२४० व्होल्ट असे छापले असेल तरच तो इथे चालतो. पिन बदलणारा सॉकेट लावल्याने व्होल्टेज बदलत नाही, हे सांगावे लागते कारण दुकानात नेमके तेच हातात देतात.

मधे २३० ते ११० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घालता येतो, पण मी तसे सुचवणार नाही. त्यापेक्षा अडॅप्टरच्या आउटपुटकडे पाहा. ते डीसी असेल तर त्याच व्होल्टेजचा, तितक्या किंवा थोड्या अधिक अँपिअरचा आणि बीआयएसची खूण असलेला अडॅप्टर इथेच विकत घ्या, आणि जॅकच्या आतला धन-ऋण क्रम जुळतो का ते मल्टिमीटरने तपासूनच लावा. आउटपुट एसी असेल तर त्याच्या जागी डीसी अडॅप्टर लावू नका. तसा ट्रान्सफॉर्मर निराळा मिळवावा लागेल.

खोलीच्या वायरिंगबद्दल एवढेच की, त्या एका सॉकेटमधून स्विच आणि फ्यूज असलेला चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या, तो फळीच्या खाली न लपवता भिंतीवर हाताशी बसवा, आणि लेआउटचे सर्व अडॅप्टर त्याच एका बोर्डावर ठेवा, म्हणजे खोलीतून निघताना एक स्विच बंद केला की सगळे शांत होते. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवून घ्या. हे लेआउटसाठी नव्हे, घरासाठीच आवश्यक आहे. फळीखाली २३० व्होल्टची वायर नेऊच नये. अगदीच न्यावी लागली तर ती स्वतंत्र पाइपातून न्यावी आणि १२ व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच पट्टीत कधीही कोंबू नये.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आपल्याकडे घरांच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ अशी सवय रुजलेली आहे. लेआउटच्या खाली तीच लाल-काळी जोडी वापरली तर उद्या दुसरा कोणी खाली डोकावला की त्याला ती मेन लाइन वाटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे मेन लाइन त्याला लेआउटची वाटेल. रुळांच्या मुख्य जोडीसाठी पिवळी आणि निळी, किंवा तुमच्या घरात इतरत्र कुठेही नसलेली एखादी जोडी निवडा.

उद्यमनगरीचा_फिटर

काकांनी सुरक्षिततेचे लिहिले ते तंतोतंत पाळावे. मी पहिल्या प्रश्नाकडे येतो, आणि माझे मत सरळ सांगतो: ३ अँपिअरचा कंट्रोलर घेऊ नका. तुमचे एक एचओ इंजिन धावताना फार तर पाव ते अर्धा अँपिअर घेत असेल. कंट्रोलर अपुरा असता तर गाडी टर्मिनसमध्येही तशीच रडत धावली असती. वळिवड्यापर्यंत ती ठीक जाते याचा अर्थ कंट्रोलरमधून वीज पुरेशी निघते, पण पुढे पोहोचत नाही. उसाच्या शेतात एकाच बारीक पाइपवर सगळे फवारे लावले की बांधाकडचे फवारे उसळतात आणि टोकाचे नुसते ठिबकतात. तिथे आपण मोटर बदलत नाही, पाइप बदलतो.

यामागचे कारण असे. चांगले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे. त्यात चांदी नसते. हा मिश्रधातू गंजत नाही हा त्याचा गुण, पण त्याचा रोध तांब्याच्या मानाने दहापटींहून बराच अधिक असतो. म्हणजे रूळ ही वीज दूर नेण्याची वस्तू नव्हे. ती शेवटच्या हातभर अंतरासाठी आहे. त्याहून मोठा चोर फिशप्लेट. ती पत्र्याची पट्टी फक्त दाबाने रुळाला चिकटलेली असते. त्यात खडी चिकटवताना पाण्यात पातळ केलेले फेविकॉल शिरते, वर रंग शिरतो, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात उरलेल्या जागी ऑक्साइड चढते. दर तीन फुटांना एक फिशप्लेट धरली तरी रुकडीपर्यंत पोहोचेतो वीज कितीतरी संशयास्पद जोडांमधून जाते, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना तर जोड असणारच.

माझ्या शब्दावर विसंबू नका, मोजून पाहा. पण नुसता मल्टिमीटर रुळांवर टेकवला तर तो टोकापर्यंत जवळजवळ तेवढेच व्होल्ट दाखवेल आणि तुमची फसगत होईल, कारण मीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो आणि प्रवाह नसला की रोधावर व्होल्टेज पडत नाही. म्हणून भार लावून मोजावे लागते. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. त्याला वायरीचे दोन तुकडे डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडा आणि टोकांना मगरचिमटे लावा. १२ व्होल्टवर हा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे तुमच्या कंट्रोलरच्या मर्यादेत राहतो. रुळांवरून इंजिन उचलून ठेवा. बल्ब रुळांना लावून कंट्रोलर हळूहळू पूर्ण उघडा, कारण थंड तंतू सुरुवातीला कितीतरी अधिक प्रवाह ओढतो आणि नॉब एकदम फिरवल्यास कंट्रोलर बंद पडू शकतो. मग बल्ब जिथे लावला आहे तिथेच व्होल्टेज वाचा. टर्मिनस, वळिवडे, पुलाच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे, रुकडी असे पुढे सरकत जा. दोन शेजारच्या ठिकाणांमध्ये आकडा एकदम घसरला की दोष त्या दोहोंच्या मधे आहे.

उपाय ठरलेला आहे: फळीच्या खालून या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची जाड वायर-जोडी न्यायची, जिला आपण बस म्हणतो, आणि तिच्यावरून रुळांच्या प्रत्येक तुकड्याला आखूड फीडर वर काढायचे. बससाठी घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर तुमच्या डीसीला भरपूर झाली. हिशेब करून पाहू. तुमची फळी बावीस फूट, म्हणजे पावणेसात मीटर, सात धरा. जाऊन येऊन चौदा मीटर तार झाली. टेलिफोनची अर्धा मिलिमीटर व्यासाची तार मीटरला साधारण ०.०९ ओहम रोध देते. तीच टोकापर्यंत नेली तर सव्वा ओहम होतो, आणि ०.८ अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच जातो. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध मीटरला ०.०१३ ओहम आहे. चौदा मीटरला ०.१९ ओहमच्या आत, आणि तेवढ्याच प्रवाहाला पडणारे व्होल्टेज ०.१५. पुढे कधी डीसीसी घेऊन रुळांना वीज पुरवणारा ५ अँपिअरचा बूस्टर लावणार असाल तर आताच २.५ चौरस मिलिमीटरची ओढा. तिच्यात पूर्ण ५ अँपिअरलाही अर्ध्या व्होल्टच्या आसपासच पडेल, आणि किमतीतला फरक फळीखाली दुसऱ्यांदा झोपून काम करण्यापेक्षा स्वस्त आहे.

फीडर ०.५ चौरस मिलिमीटरचे पुरतात, मात्र ते हातभराहून लांब ठेवू नका. प्रत्येक तीन फुटी तुकड्याला एक जोडी द्या, सांध्याच्या तिन्ही बाजूंना द्या आणि पुलावर स्वतंत्र द्या. फिशप्लेट मग फक्त रूळ सरळ रेषेत धरण्याचे काम करेल, जे तिचे खरे काम आहे.

डाग देताना रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्या, आत दिला तर चाकाची कड त्यावर आपटते. ती जागा आधी पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, राळेचा फ्लक्स लावा आणि रुळाला व वायरीला वेगवेगळे सोल्डर चढवून घ्या. मग दोन्ही एकमेकांना लावून गरम टोक क्षणभर टेकवले की सोल्डर एकजीव होते. ५० ते ६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री घ्या. २५ वॅटची इस्त्री रूळ तापवायला वेळ घेते आणि तेवढ्या वेळात खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर मऊ होतात. डागाच्या दोन्ही बाजूंना रुळावर मगरचिमटे लावून ठेवले तर उष्णता त्यांच्यात जाते आणि स्लीपर वाचतात. पत्र्याच्या कामाचा ॲसिड फ्लक्स इथे चालत नाही. तो जोड काही महिन्यांत हिरवा पडतो.

मिरज_जंक्शन

फिटरसाहेबांनी पहिला प्रश्न पुरता सोडवला आहे. मी वळशाचे लिहितो, कारण नावाने तो आमच्या गावाचा आहे.

तुमचा कंट्रोलर बंद पडतो हे त्याचे शहाणपण आहे. वळशात निघालेला डावा रूळ बोटाने धरून पुढे पुढे जा. वळसा पुरा करून सांध्याशी परत आलात की तोच रूळ उजव्या रुळाला येऊन मिळालेला दिसेल. म्हणजे धन आणि ऋण एकमेकांना थेट जोडले गेले. हे डीसीतही घडते आणि डीसीसीतही. वाय आकाराचा मार्ग आणि टर्नटेबल यांतही हीच भानगड असते. त्यामुळे वळशाचा एक भाग दोन्ही टोकांना, आणि दोन्ही रुळांत, बाकीच्या मार्गापासून तोडावा लागतो. चारही ठिकाणी प्लॅस्टिकच्या फिशप्लेट घाला. एकाच रुळात तोड देऊन भागते असे काही जण सांगतात, पण वळशात ते चालत नाही.

हा तोडलेला भाग तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा. गाडीची चाके धातूची असतील किंवा डब्यांत दिवे असतील, तर ती चाके तोडीवरून जाताना दोन्ही बाजूंचे रूळ क्षणभर जोडतात. इंजिन एका तोडीवर आणि शेवटचा डबा दुसऱ्या तोडीवर अशी वेळ आली की पुन्हा शॉर्ट. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या पद्धतीचा, डबा २१.३ मीटरचा, म्हणजे एचओमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर. महालक्ष्मी एक्सप्रेसचे सहा डबे आणि इंजिन धरले तर पावणेदोन मीटर होतात. ५६ सेंटीमीटर त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा घेर साडेतीन मीटर आहे. सांध्याजवळचा भाग सोडला तरी तीन मीटर उरतात, तेव्हा नऊ-दहा डब्यांपर्यंत तुम्हाला चिंता नाही.

डीसीत हा भाग चालवायला सहा पायांचे दोन डीपीडीटी टॉगल स्विच लागतील. प्रत्येकाच्या मधल्या दोन पायांना कंट्रोलरची जोडी द्या. एका टोकाच्या दोन पायांवरून दुसऱ्या टोकाच्या दोन पायांना तिरप्या फुलीने तारा जोडा, आणि त्या टोकाच्या पायांवरून मार्गाकडे जोडी काढा. स्विच उलटला की त्याच्या मार्गावरचे धन-ऋण उलटते. एक स्विच मुख्य मार्गाचा, दुसरा वळशाचा. गाडी वळशात शिरण्याआधी दोन्ही मार्गांचे धन-ऋण प्रवेशाच्या तोडीवर जुळते ठेवा. संपूर्ण गाडी, शेवटच्या डब्यासकट, वळशात आली की सांधा फिरवा आणि मुख्य मार्गाचा स्विच उलटा करा. वळशाच्या स्विचला हात लावायचा नाही. गाडी न थांबता फिरत राहते आणि बाहेर पडताना तिला पुढचा मार्ग अनुकूल धन-ऋणाचा मिळतो. डोंगराच्या पोटात शेवटचा डबा दिसणार नाही, म्हणून डोंगराच्या मागच्या बाजूला एक झरोका ठेवा.

टर्मिनसबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून जोडतो. कोल्हापूर हे शेवटचे स्थानक असल्याने गाडी आली की इंजिन मार्ग संपतो तिथल्या बफरकडे अडकते आणि शेजारच्या मार्गावरून फिरून दुसऱ्या टोकाला लागावे लागते. डीसीत फलाटाच्या बफरकडच्या टोकाला इंजिनाच्या लांबीहून थोडा जास्त, समजा ३५ सेंटीमीटरचा, तुकडा एका रुळात तोडून त्याला साधा ऑन-ऑफ स्विच द्या. इथे एकच रूळ तोडला तरी चालतो, कारण इथे धन-ऋण उलटायचे नसून फक्त प्रवाह थांबवायचा आहे. मग आलेले इंजिन तिथे झोपवून दुसरे इंजिन गाडीच्या मागच्या टोकाला लावून तीच गाडी मिरजेकडे नेता येईल.

माडीवरची_गाडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अमेरिकन अडॅप्टर काकांच्या सांगण्याप्रमाणे कपाटात ठेवला आहे. त्याचे आउटपुट डीसी निघाले, त्यामुळे इथला पर्याय सहज मिळेल.

इंडिकेटरचा बल्ब लावून मोजले. टर्मिनसला ११.४ व्होल्ट, वळिवड्याला १०.६, पुलाच्या अलीकडे १०.३ आणि पुलाच्या पलीकडे एकदम ७.९. बल्बाच्या उजेडातला फरक मीटर न बघताही कळत होता. मग मगरचिमट्यांच्या दोन वायरींनी पुलाच्या पलीकडच्या दोन्ही फिशप्लेटना वळसा घालून रूळ जोडले, तेव्हा तिथलाच आकडा १०.१ वर गेला. त्या फिशप्लेट मी काढून पाहिल्या. त्यांच्या आत खडी चिकटवताना शिरलेला गोंद काचेसारखा सुकून बसला होता. २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणली आहे.

आता दोन शंका उरतात. बसपासून फीडर काढताना प्रत्येक ठिकाणी बसची वायर कापावी लागते का? आणि सांध्यांच्या मोटरींना वीज याच बसवरून द्यावी का? माझ्याकडे झटका देणाऱ्या, म्हणजे कॉइलच्या मोटरी आहेत.

उद्यमनगरीचा_फिटर

बस कापू नका. जिथे फीडर हवा तिथे वायरीचे आवरण बोटाच्या पेराएवढे सोला, फीडरचे टोक उघड्या तांब्याभोवती घट्ट गुंडाळा, डाग द्या आणि वर इन्सुलेशन टेप लावा. पिवळ्या आणि निळ्या वायरींवरचे हे सोललेले भाग समोरासमोर आणू नका. वीतभर मागे-पुढे ठेवा, म्हणजे पुढेमागे टेप सुटली तरी दोन उघडे भाग एकमेकांना टेकणार नाहीत. डाग द्यायचा कंटाळा असेल तर स्क्रूची कनेक्टर पट्टी चालते, मात्र तिचे स्क्रू वर्षातून एकदा आवळावे लागतात.

कॉइलच्या मोटरी मुख्य बसवर लावू नका. त्यांना क्षणभरच, पण काही अँपिअरचा झटका लागतो. तो रुळांच्या पुरवठ्यातून घेतला तर सांधा फिरताना धावती गाडी दचकते, आणि बटण दाबलेले राहिले तर कॉइल जळते. त्यांच्यासाठी वेगळा पुरवठा आणि मधे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावा. त्यातला मोठा कपॅसिटर सावकाश भरतो आणि बटण दाबताच एकदम रिकामा होतो; बटण अडकले तरी मागून येणारा प्रवाह इतका थोडा असतो की कॉइल तापत नाही. घरे, सिग्नल आणि फलाटावरचे एलईडी यांच्यासाठी तिसरा, १२ व्होल्टचा साधा एसएमपीएस ठेवा. पांढऱ्या एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घातला की ९ मिलिअँपिअर जातात, आणि १:८७ च्या फलाटाला तेवढा उजेड पुष्कळ होतो.

एकवीस_अँपिअर

इतक्या स्विचांच्या जंगलात शिरण्यापेक्षा आताच डीसीसी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. डीसीसीत रुळांवर सतत पूर्ण व्होल्टेज असते, एचओसाठी साधारण १४ ते १५ व्होल्ट, आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर त्याच्या नावाचाच आदेश उचलतो. त्यामुळे इंजिनाची दिशा रुळाच्या धन-ऋणावर अवलंबून राहत नाही. वळशाला एक ऑटो-रिव्हर्सर लावला की तो शॉर्ट होताच क्षणार्धात वळशाचे धन-ऋण उलटतो आणि गाडी थबकतही नाही. बफरजवळचा तो तोडलेला तुकडाही लागत नाही. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेने याचे मानक ठरवून दिल्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळतात.

मिरज_जंक्शन

डीसीसीचे गुण मान्य आहेत, पण त्यांची इंजिने डीकोडरची आहेत की साधी, हे त्यांनी लिहिलेले नाही. साधे डीसी इंजिन डीसीसीच्या रुळांवर उभे ठेवले की त्याची मोटर गुणगुणत तापत राहते, आणि कोअरलेस, म्हणजे लोखंडी गाभा नसलेली, मोटर असेल तर जळतेही. एका गाडीच्या लेआउटला डीसी पुरेशी आहे. शिवाय बस, फीडर आणि वळशाच्या चार तोडी दोन्ही पद्धतींत अगदी त्याच राहतात; बदलतात ते फक्त दोन डीपीडीटी.

उद्यमनगरीचा_फिटर

मीही याच बाजूचा आहे. फक्त एक गोष्ट: डीसीसी आली की जुना डीसी कंट्रोलर बसवरून पूर्णपणे सोडवून ठेवा. ‘कधी हे, कधी ते’ असा निवडीचा स्विच लावला आणि गाडी दोन भागांच्या सीमेवर असताना एका भागात डीसी आणि दुसऱ्यात डीसीसी राहिली, तर चाकांमधून दोन्ही पुरवठे एकमेकांत मिसळतात आणि त्यात महाग वस्तूच आधी जाते.

डीसीसीत वायरिंगची परीक्षा सोपी आहे. रुळांच्या प्रत्येक तुकड्यावर, विशेषतः रुकडीच्या पलीकडच्या टोकाला, रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवायचे. बूस्टरने त्याच क्षणी प्रवाह तोडला तर वायरिंग भक्कम आहे. तो तोडत नसेल तर त्या जागेपर्यंतचा रोध इतका आहे की शॉर्ट झाला तरी बूस्टरला तो कळत नाही, आणि अशा वेळी रुळावरून घसरलेल्या डब्याच्या चाकांतून काही अँपिअर वाहत राहून बोगी वितळू शकते. तुमच्या १ अँपिअरच्या डीसी कंट्रोलरवर मात्र हा प्रयोग करत बसू नका. तिथे इंडिकेटरचा बल्बच बरा.

माडीवरची_गाडी

इंजिने दोन आहेत; एक साधे, दुसरे भाच्याच्या संचातले डीकोडरसाठी सॉकेट असलेले. तेव्हा सध्या डीसीच ठेवतो आणि बस २.५ चौरस मिलिमीटरचीच ओढतो. एक शेवटचे विचारतो: प्लायवुडची फळी पावसाळ्यात फुगते, तेव्हा सगळ्या फिशप्लेटना डाग देऊन टाकावा का?

उद्यमनगरीचा_फिटर

फक्त वळणांवरच्या फिशप्लेटना द्या, कारण तिथे रूळ सरळ व्हायला पाहतो आणि जोडाशी कोपरा धरतो. सरळ भागातले जोड मोकळे ठेवा आणि त्यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहू द्या. फीडर दोन्ही बाजूंना असल्याने वीज अडत नाही आणि फळी हलली तरी रूळ वर उचलले जात नाहीत. पुलाची दोन्ही टोकेही मोकळीच हवीत. फळीच्या खालच्या अंगालाही वॉर्निशचा हात मारून घ्या, पण तो बस बसवण्याआधी.